हसणारा प्रेक्षक समोर नसताना

बायकोने साबण आणायला दिलेले १२ स्किलिंग खिशात घालून येप्पे नावाचा एक डॅनिश शेतकरी भल्या पहाटे घराबाहेर पडतो आणि वाटेतल्या याकोब मोच्याच्या गुत्त्यापाशी पोहोचताच त्याचे पाय जड होतात. एका स्किलिंगची दारू पोटात गेल्यावर तो पुढे निघतो खरा. पण चार पावलांवर पुन्हा थांबतो, आणि मग रंगमंचावर एकट्यानेच उभा राहून स्वतःच्या अवयवांची पंचायत भरवतो. पोट म्हणते, मागे फीर, अजून एका स्किलिंगची घे. पाठ म्हणते, अजिबात नको, कारण निल्ले नावाच्या बायकोच्या हातातला चाबूक पाठीनेच सोसलेला असतो, आणि त्या चाबकाला घरात ‘मेस्टर एरिक’ असे माणसासारखे नावही आहे. बराच वेळ वाद चालतो, पाठीची बाजू न्यायाची असूनही ती हरते आणि येप्पे गुत्त्याकडे वळतो.

लुडविग होल्बर्ग याचे ‘टेकडीवरचा येप्पे’ हे नाटक १७२२ सालचे. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला कोपनहेगनमधल्या एका लहानशा रस्त्यावर डॅनिश भाषेतले पहिले सार्वजनिक नाट्यगृह उघडले, आणि तोवर फ्रेंच आणि जर्मन मंडळींची नाटके पाहणाऱ्या शहराला आपल्या भाषेत हसण्याची सोय झाली. पहिल्या रात्रीचा खेळ मोलिएरच्या नाटकाच्या भाषांतराचा होता. पण लगेच होल्बर्गची स्वतःची नाटके येऊ लागली आणि पुढच्या काही वर्षांत त्याने दोन डझनांहून अधिक विनोदी नाटके लिहून काढली. गृहस्थ नॉर्वेतल्या बर्गेनचा, १६८४ मध्ये जन्मलेला, कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक. त्यामुळे असली नाटके स्वतःच्या नावाने छापणे त्याला सोयीचे नव्हते, आणि ती ‘हान्स मिकेल्सेन’ या कल्पित बिअर बनवणाऱ्याच्या नावावर छापली गेली. येप्पेचा जनक अशा टोपणनावाने वावरावा, हे मला आजही गमतीचे वाटते.

त्या पोट-पाठीच्या वादात येप्पे एकटा असतो असे म्हटले, ते संहितेपुरतेच खरे आहे. प्रयोगात तो एकटा नसतो. तो प्रेक्षकांशी बोलत असतो, त्यांच्याकडे पाहून कौल मागत असतो, आणि थिएटरातला प्रत्येक जण मनातल्या मनात पोटाच्या बाजूने मत देतो, कारण पाठीच्या बाजूने मत दिले तर नाटक तिथेच संपेल. हशा हा त्या वादातला तिसरा पक्ष आहे. चांगला नट हशा ओसरण्याची वाट पाहतो, त्याच्या लांबीवरून पुढचे वाक्य लवकर घ्यायचे की रेंगाळत घ्यायचे हे ठरवतो. अशा नाटकावर चित्रपट करायला घेतला की पहिली गोष्ट हरवते ती हीच. कॅमेऱ्याकडे पाहून बोलावे तर ते कृत्रिम वाटते, न पाहता बोलावे तर माणूस वेडसर वाटतो, आणि हशासाठी जागा सोडावी तर रिकाम्या खोलीत ती भगदाडासारखी दिसते. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या विनोदी नाटकांवरून निघालेले चित्रपट मी गेली काही वर्षे मिळतील तसे पाहत आलो आहे. त्यांतले बहुतेक या एका अडचणीपाशी अडखळतात आणि मोजकेच तिच्यातून वाट काढतात, असे माझे मत होत गेले आहे.

येप्पेची पुढची गोष्ट मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटणार नाही, कारण झोपलेल्या माणसाला उचलून एका दिवसाचा राजा करण्याची कथा अरबी सुरस गोष्टींमधून आपल्याकडे पूर्वीच आलेली आहे. होल्बर्गने ती जेझुइट या ख्रिस्ती संघातल्या एका जर्मन लेखकाच्या लॅटिन ग्रंथातून उचलली. दारूने बेशुद्ध होऊन उकिरड्यावर पडलेला येप्पे बॅरन निलुसच्या दृष्टीस पडतो, आणि गंमत म्हणून तो त्याला वाड्यात नेऊन स्वतःच्या पलंगावर झोपवतो. जागा झाल्यावर येप्पे स्वतःची हजेरी घेतो: मी तर गरीब कुणबी, गुलाम, लुच्चा, बायकोने फसवलेला नवरा, भुकेली ऊ, अळी, मग मी त्याच वेळी वाड्याचा धनी कसा? दोन वैद्य येऊन त्याची खात्री पटवतात की तो धनीच आहे, शेतकरीपण हा केवळ आजारातला भ्रम. मग येप्पे धनीपण गाजवू लागतो. ज्या कारभाऱ्याने आयुष्यभर छळले त्याला फाशी देण्याची भाषा करतो, त्याच्या बायकोवर डोळा ठेवतो, पुन्हा पितो, पुन्हा उकिरड्यावर येतो. त्यानंतर खोटा खटला, खोटे विष आणि खोटी फाशी. काखेतून दोर घालून टांगलेला येप्पे शुद्धीवर येतो तेव्हा त्याला वाटते आपण मेलो आहोत. खाली निल्ले रडत असते. तो तिला म्हणतो, थोडी दारू आण, जिवंतपणी होती त्याहून मेल्यावर तहान जास्त लागली आहे. हे ऐकताच निल्लेचे रडणे थांबते आणि चाबूक निघतो.

कास्पर रोस्ट्रुपने १९८१ मध्ये या नाटकावर डॅनिश चित्रपट केला. त्यात येप्पेचे काम बुस्टर लार्सन या साठीला आलेल्या, हलक्याफुलक्या चित्रपटांतून घरोघरी परिचित असलेल्या विनोदी नटाने केले. नटाची ही निवडच मला दिग्दर्शकाची अर्धी कामगिरी वाटते. प्रेक्षक हसण्याच्या तयारीने येतो, कारण या चेहऱ्याने त्याला वर्षानुवर्षे हसवले आहे. आणि पडद्यावर मात्र तो चेहरा चिखलाने माखलेला, थंडीने काळवंडलेला, पहाटेच्या अंधारात पायताण शोधणारा असा जवळून दिसतो. नाटकातला उकिरडा म्हणजे रंगमंचावर ठेवलेला एक उंचवटा असतो, आणि त्यावर पडलेल्या माणसाला पाहून हसणे सोपे असते. चित्रपटातला उकिरडा ओला असतो. होल्बर्गच्या संहितेतच एक वाक्य आहे, जे डेन्मार्कमध्ये म्हणीसारखे झाले आहे: लोक म्हणतात येप्पे पितो, पण येप्पे का पितो हे कुणी म्हणत नाही. रंगमंचावर ते टाळीचे वाक्य आहे. पडद्यावर त्या वाक्याची गरजच उरत नाही, कारण बायकोचा मार, कारभाऱ्याची वेठ आणि चर्चमधल्या सेवकाने केलेली बेअब्रू ही तिन्ही कारणे प्रेक्षकाने वाक्य येण्याआधीच डोळ्यांनी पाहिलेली असतात.

नाटकाच्या शेवटी बॅरन पुढे येऊन तात्पर्य सांगतो की शेतकऱ्याच्या हाती सत्ता दिली की जुलूम सुरू होतो. होल्बर्गला हे मनापासून म्हणायचे होते की त्यात चिमटा होता, यावर विद्वान अजूनही वाद घालतात. होल्बर्ग स्वतः १७४७ मध्ये बॅरन झाला, हे या वादात कुणी ना कुणी काढतेच. रंगमंचावर तात्पर्य सांगणाऱ्याचे कपडे स्वच्छ असतात आणि तो शेवटी बोलतो, म्हणून बाजी त्याच्याकडे राहते. चित्रपटात मात्र ज्या माणसाच्या चेहऱ्याजवळ आपण दोन तास बसलो, त्याचीच बाजू आपली होऊन जाते. मग बॅरनने कितीही शहाणपण सांगितले तरी तो एका गरीब माणसाच्या जिवाशी खेळलेला रिकामटेकडा जमीनदारच दिसतो. संहितेतला एक शब्द न बदलता नाटकाचा अर्थ उलटू शकतो, आणि ते केवळ कॅमेरा कुठे ठेवला यावर ठरते, ही गोष्ट मला या एका उदाहरणातून जितकी कळली तितकी सिद्धान्तांच्या पुस्तकांतून कळली नव्हती.

या सगळ्या मंडळींत वाट खरोखर ज्याला सापडली तो मात्र विनोदासाठी मुळीच प्रसिद्ध नाही. कार्ल थिओडोर ड्रायर हा डॅनिश दिग्दर्शक म्हटले की त्याच्या चित्रपटातले जोन ऑफ आर्कचे अश्रू आठवतात. त्या चित्रपटाच्या तीन वर्षे आधी, १९२५ मध्ये, त्याने स्वेन्द रिंडोम याच्या ‘जुलमी माणसाचा पाडाव’ या १९१९ च्या विनोदी नाटकावरून एक मूकपट केला. त्याचे डॅनिश नाव बायबलमधल्या आज्ञेच्या धाटणीचे आहे. मराठी बायबलच्या वळणाने सांगायचे तर ‘आपल्या पत्नीचा मान राख’. कथा दोन खोल्यांत मावणारी आहे. व्हिक्टर फ्रान्सेन हा धंद्यात बुडालेला, घरात गुरगुरणारा नवरा, ईडा ही त्याची सोशिक बायको, तीन मुले, आणि मॅड्स नावाची म्हातारी दाई, जिने व्हिक्टरला लहानपणी वाढवले आणि जी आता मदतीला येते. ईडाची प्रकृती ढासळल्यावर मॅड्स तिला माहेरच्यांकडे पाठवून देते आणि घराचा ताबा स्वतःकडे घेऊन व्हिक्टरला वठणीवर आणते.

नाटकात हे सारे बोलण्यातून घडत असणार. दाईचे टोमणे, नवऱ्याची उत्तरे, शेजारणीची मधली फोडणी. मूकपटात बोलणे नाही. अधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर जेवढे मावेल तेवढेच. ड्रायरला हा चित्रपट खऱ्याखुऱ्या घरात करायचा होता, ते जमले नाही, तेव्हा त्याने स्टुडिओत एक पूर्ण घर उभे केले, ज्यात नळाला पाणी येत होते, गॅस पेटत होता आणि वीज चालू होती. दिग्दर्शकाचा हट्ट म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला त्यात हट्टापेक्षा हिशेब दिसतो. शब्द काढून घेतल्यावर विनोदाला उभे राहायला काहीतरी हवे, आणि ते त्याला घरकामात सापडले.

चित्रपटाचा पहिला भाग म्हणजे एका बाईची सकाळ. शेगडी पेटते, कॉफी होते, मुलांचे कपडे, चपला, पक्ष्याचा पिंजरा, दोरीवरचे धुणे. एक काम संपायच्या आत दुसरे सुरू. व्हिक्टर उठून येतो तेव्हा त्याच्यासाठी सगळे तयार असते आणि त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. पावाला लोणी कमी वाटू नये म्हणून ईडा स्वतःच्या पावावरचे लोणी सुरीने खरवडून त्याच्या पावावर लावते. कॅमेरा त्या सुरीकडे फार वेळ पाहत नाही, कुणी पाट्या लावून ते अधोरेखितही करत नाही. पण पुढच्या तासाभराच्या विनोदाचे भांडवल तिथे जमा होते. कारण उत्तरार्धात मॅड्सच्या धाकाने व्हिक्टर तीच कामे करू लागतो तेव्हा आपण त्याच्या फजितीला हसतो, ते प्रत्येक कामाची किंमत आपण आधी मोजून ठेवलेली असते म्हणून. विनोदी नाटकात रचना संवादांची असते, एक वाक्य पेरायचे आणि दुसऱ्या अंकात त्याचे पीक काढायचे. ड्रायरने तीच रचना ठेवली आणि पेरणी वस्तूंची केली.

आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट संगीताच्या साथीशिवाय, अगदी शांततेत दाखवला गेला होता, आणि त्यामुळे प्रेक्षकांचे हसणे स्पष्ट ऐकू येत होते. लोण्याच्या प्रसंगाला पुरुषांच्या रांगेतून थोडी खसखस पिकली. माझ्या मागे बसलेल्या दोन वयस्क बायका त्या वेळी गप्प होत्या. पुढे मॅड्स व्हिक्टरला लहानपणच्या शिक्षेप्रमाणे कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभे करते. हा प्रसंग ड्रायरने आधी तयार करून ठेवला आहे, कारण चित्रपटाच्या सुरुवातीला व्हिक्टरने स्वतःच्या मुलाला तसेच उभे केलेले असते. मोठा माणूस त्याच कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा त्या दोघी इतक्या मोठ्याने हसल्या की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिले. एका शतकापूर्वीच्या कोपनहेगनमधल्या भाड्याच्या घरातला विनोद पुण्यातल्या एका हॉलमध्ये अनुवादाशिवाय पोहोचला, याचे श्रेय मी त्या कोपऱ्याला देतो, संवादांना नाही.

व्हिक्टर खलनायक नाही, हेही इथे सांगायला हवे. योहान्नेस मायरने त्याचे काम असे केले आहे की गुरगुरण्यामागची लाज दिसत राहते. ज्याचा धंदा गेला आणि ज्याला बाहेर कुणी विचारत नाही, तो घरात बायकोवर राज्य करतो, हे येप्पेने एका दिवसाच्या बॅरनपणात केले त्याचेच घरगुती रूप आहे. जुलूम सोसलेला माणूस संधी मिळताच जुलमी होतो. होल्बर्गचा बॅरन हे तात्पर्य म्हणून सांगून मोकळा होतो. ड्रायर आणि रिंडोम तिथे थांबत नाहीत; ते विचारतात की त्या माणसाला पुन्हा माणसांत कसे आणायचे, आणि त्यांचे उत्तर असे की त्याला घासणे, झाडणे आणि लंगोट बदलणे शिकवा. हे उत्तर १९२५ मध्ये किती धीट होते याचा अंदाज आज करणे अवघड आहे. चित्रपट फ्रान्समध्ये गाजला आणि त्यातूनच ड्रायरला पॅरिसमध्ये जोन ऑफ आर्कवर चित्रपट करण्याची संधी मिळाली. म्हणजे त्या अश्रूंची वाट या धुण्याच्या दोरीखालून गेली होती.

हेच नाटक १९४२ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा पडद्यावर आले, दिग्दर्शिका अॅलिस ओ’फ्रेडरिक्स. मूकपटात व्हिक्टरच्या मुलीचे काम करणारी कारिन नेल्लेमोस त्यातही होती. शब्द परत मिळाल्यावर चित्रपट बिघडलाच पाहिजे असा काही नियम नाही, आणि याचा पुरावा स्वीडनमध्ये आहे. याल्मार बेरीमान याच्या ‘स्वेदेनयेल्म्स’ या १९२०च्या दशकातल्या नाटकावरून गुस्ताव मुलांदेरने १९३५ मध्ये केलेला चित्रपट सरळसरळ नाटकासारखाच आहे. दिवाणखाना, दारे, येणारी-जाणारी माणसे. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, पण खानदानी ताठा न सोडलेला एक संशोधक नोबेल पारितोषिकाची वाट पाहतो आहे, मुले उधारीवर ऐट करत आहेत, आणि एक सावकार खोट्या सह्यांची कागदपत्रे घेऊन दारात उभा राहतो. त्या सह्या कुणी केल्या हे कळते तेव्हा सगळे घर सांभाळणारी बोमान ही बाई मध्यभागी येते, आणि अब्रू म्हणजे काय, हा बाप आयुष्यभर मिरवत आलेला प्रश्न त्याच्याच स्वयंपाकघरातून त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. संशोधकाचे काम गोस्टा एकमान या त्या वेळी पंचेचाळिशीतल्या नटाने म्हाताऱ्याच्या रंगभूषेत केले आहे, बोमानचे कारिन स्वान्स्ट्रोमने, आणि श्रीमंत भावी सुनेच्या भूमिकेत विशीची इंग्रिड बर्गमन आहे. मुलांदेर काही लपवत नाही. तो नटांना पुरेशी जागा देतो आणि कॅमेरा सभ्यपणे पहिल्या रांगेत बसवतो. एकमानचे बोलणे हे पाहण्यासारखे आहे, म्हणून हे चालते. असा नट नसता तर हाच चित्रपट असह्य झाला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

स्वीडनमधले ‘व्हेर्मलांडची माणसे’ हे १८४६ चे गाणी आणि नाच असलेले लोकप्रिय नाटक तर १९१० च्या सुमारापासून १९५७ पर्यंत अनेकदा पडद्यावर आले, आणि त्यांतल्या पहिल्या आवृत्त्या मूकपट होत्या. गाणीच ऐकू न येणारे संगीत नाटक लोकांनी हौसेने पाहिले, यावरून नाटकाचे नाव ओळखीचे असणे हेच कित्येकदा पुरेसे असते एवढे दिसते. त्याहून अधिक त्या आवृत्त्यांबद्दल म्हणावेसे मला काही सापडले नाही.

उत्तरेकडच्या या देशांशी मराठी रंगभूमीचे नाते जुने आहे, पण ते हसण्याचे नाही. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने रंगमंचावर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे श्री. वि. वर्तकांचे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून केलेले होते, आणि इब्सेनच्या प्रभावाबद्दल तर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण तिथून प्रश्न आणले, दिवाणखाना आणला, स्त्रीच्या स्वातंत्र्याची चर्चा आणली. होल्बर्ग मात्र, माझ्या पाहण्यात तरी, त्या बोटीत चढला नाही. विनोदासाठी आपण फ्रान्स आणि इंग्लंडकडे पाहत राहिलो, आणि स्वतःच्या वगनाट्याकडे. हे काही नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. तरी येप्पेच्या अवयवांची पंचायत आपल्या सोंगाड्याच्या तोंडी किती सहज बसली असती, हा विचार मनात येतोच.

नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तिन्ही देशांच्या दूरचित्रवाणीने नाटकांसाठी स्वतंत्र विभाग चालवले आणि त्यांतून होल्बर्गची नाटके पुष्कळ झाली. तरीही त्याच्या ज्या नाटकावर एखाद्या ड्रायरने चित्रपट करायला हवा होता असे मला वाटते, ते म्हणजे ‘एरास्मुस मोंतानुस’. शेतकऱ्याचा मुलगा रास्मुस बेर्ग कोपनहेगनहून लॅटिन शिकून येतो, नावाला लॅटिन शेपटी जोडतो आणि गावभर वाद घालत फिरतो. पृथ्वी गोल आहे असे म्हटल्याबद्दल गाव त्याच्यावर उलटते, आणि अखेर मार खाऊन त्याला ती सपाट असल्याचे कबूल करावे लागते. यातल्या वादांचा भाग पडद्यावर कंटाळवाणा होईल, कारण तो सगळा शब्दांचा खेळ आहे. पण एक प्रसंग असा आहे की तो रंगमंचाने पुरता वापरलेलाच नाही. मुलगा आईला तर्कशास्त्र दाखवतो: दगड उडू शकत नाही, आई उडू शकत नाही, म्हणून आई दगड आहे. आई, तिचेही नाव निल्लेच, घाबरून रडू लागते आणि म्हणते, माझे पाय आतापासूनच गार पडू लागले आहेत. मग तो दुसरा तर्क लढवून तिला पुन्हा माणूस करतो. रंगमंचावर हशा मुलाच्या तर्काला मिळतो, कारण तो बोलत असतो आणि पुढे उभा असतो. दिग्दर्शकाने कॅमेरा पूर्ण वेळ निल्लेवर ठेवावा आणि मुलाचा आवाज नुसता बाजूने येऊ द्यावा. तिला हे सगळे खरे वाटते आहे, आणि शिकून आलेल्या लेकावर तिचा पायांवर नसेल इतका विश्वास आहे. होल्बर्गने ते वाक्य १७२० च्या दशकात लिहून ठेवले आहे. त्यात भर घालण्याचीही गरज नाही.